अंगणावर छप्पर घालण्याबाबत

मी, सिदोनी कॅबरोल, वय एक्याऐंशी, राहणार मेझ, तळ्याकाठची गल्ली, कुणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र नोटरी सोकलिएरसाहेबांना सांगून लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असणाऱ्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे.

आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी एकुलती मुलगी मगाली हिला कायद्याने द्यावेच लागते तेवढे दिले होते. आमच्या व्हर्मूथच्या, म्हणजे वनस्पती घातलेल्या कडसर वाइनच्या, कारखान्याचे अंगण मात्र भाचा रेजिस याला, त्यावर कधीही छप्पर घालणार नाही या अटीवर.

आमच्याकडे वाइनची पिंपे वर्षभर उघड्या अंगणात ठेवतात. ऊन, वारा, खारी हवा खाऊन ती मुरते, मगच तिच्यात वनस्पती पडतात. मगालीला वर काच घालायची होती, कारण उन्हाळ्यात कारखाना बघायला आलेले लोक चक्कर येऊन पडतात.

"त्यांना छत्र्या दे," मी म्हटले.

"आई, छपराखालची नि उघड्यावरची चव कुणालाही ओळखता येत नाही."

"मला येते. झोपेतही येते!"

तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

माझी होडी रेजिसला. रंगवतो म्हणून घेऊन गेला, ती अजून तशीच पडली आहे. आता स्वतःची म्हणून तरी रंगवेल. शेजारी गॅस्तों पुजोल याला काही नाही. कालवे विकताना वर ताजी, खाली शिळी ठेवतो मेला.

आता अंगण. साहेब म्हणतात, "मादाम, कारण लिहायची गरज नसते."

"लिहा हो तुम्ही. हात दुखतोय का?"

तर, गेल्या जूनमध्ये मी रुंद टोपी नि काळा चष्मा घालून, तिकीट काढून, बेल्जियन पाहुण्यांच्या घोळक्यात माझाच कारखाना बघायला गेले. मगाली लोकांना काय वेडेवाकडे सांगते ते ऐकून मृत्युपत्र आणखी कडक करायचे होते. तसे काही सापडले नाही. नीट सांगते पोरगी.

शेवटी चव घ्यायची वेळ आली. प्रत्येकाला दोन निळे मातीचे पेले. एकात उघड्यावरची वाइन, दुसऱ्यात गोदामातली, छपराखालची. "ओळखा बघू," मगाली म्हणाली. बेल्जियन नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. मला राहवले नाही.

"उजवीकडची उघड्यावरची," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले. आवाज ओळखणारच, माझ्याच पोटची ती.

"अगदी बरोबर, मादाम," ती म्हणाली. "अशी जीभ क्वचितच सापडते."

टाळ्या पडल्या. सगळे दुकानाकडे वळल्यावर मी उजवीकडचा पेला उलटा करून पाहिला. बुडाला गोदामाची खूण होती.

चारचौघांत मला खोटी पाडून वाद मिटवायची संधी तिला मिळाली होती. तिने ती सोडली. घरी येऊन मी रडले. हेही लिहा, साहेब.

म्हणून अंगण, पिंपे, कारखाना, सगळे मगालीला, कोणत्याही अटीशिवाय. छप्पर घालायचे की नाही, ते तिचे तिने ठरवावे. मी अजून तिच्याशी बोललेले नाही. माझा स्वभाव तिला माहीत आहे. हे वाचले जाईल तेव्हा ती समोर बसलेली असेल, म्हणून एवढेच: मगे, मला त्याच दिवशी कळले होते गं.

वाचून दाखवले, पटले, सही केली.

सिदोनी कॅबरोल

साक्षीदार: सोलांज विग्ये, पाववाल्या
अनरी काझाल, निवृत्त पोस्टमन

मेझ, ९ ऑक्टोबर २०१८