भावजींची बरणी

नाशिक रोड
१८ नोव्हेंबर १९८६

प्रिय जयराम,

दिवाळीनंतर इथे एकदम थंडी पडली आहे आणि माझी बोटं आखडतात, तेव्हा अक्षर गिचमिड आलं तर चालवून घे. तसंही तुला आता मराठी कितपत वाचता येतं, कोण जाणे. मनिलाचे काका गेल्याचं कळवणारं तुझं पत्र आलं, त्यात ‘आई कशी आहे’ एवढंच मराठीत होतं, बाकी सगळं इंग्रजी. त्यानंतर तीन वर्षं काहीच नाही. रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. बघू किती जमतं ते.

देवळाली कॅम्पातल्या बाबांच्या दातांच्या दुकानात आता व्हिडिओ कॅसेट मिळतात. काचेच्या कपाटातल्या कवळ्या बघून तू लहानपणी भोकाड पसरायचास आणि बाबा मुद्दाम एक कवळी हातात धरून तिला तुझ्याशी बोलायला लावायचे, ते आठवतं का? बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर, चिनी म्हणून, त्यांना दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागायची. ज्यांच्या तोंडात बाबांनी केलेले दात होते, तेच त्या दातांनी आपल्याला शिव्या द्यायचे. बाबा म्हणायचे, “दात पक्के बसले हाय, चांगला हाय.” त्यांचं मराठी तेवढंच, आईकडून उचललेलं.

ते गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. त्यांना पुरायला कुठे जागा मिळेना. ते ना ख्रिस्ती, ना मुसलमान. शेवटी आपल्या कॉलनीतल्या माणसांनीच खांदा दिला आणि अमरधामला नेऊन दहन केलं. रक्षा मात्र आईने कुणाच्या हाती दिली नाही. आपण बौद्ध, आपल्याला गंगेचं काय, असं कोंडाजीमामा म्हणाले, पण ती ऐकेना. गोदेच्या ज्या घाटावर तिच्या आजाला पाय ठेवू दिला नव्हता, तिथे तिने भर दुपारी पाण्यात उभं राहून बाबांना सोडलं. माझ्या माणसाला गंगा मिळाली, हे ती पुढे कितीतरी वर्षं ताठ मानेने सांगायची. तिच्याजवळ देण्यासारखं सगळ्यात मोठं जे होतं, ते तिने त्यांना दिलं होतं.

आणि मग शहात्तर साली काका आले, बरणी घेऊन.

तुला तेव्हाचं किती आठवतं ठाऊक नाही. मला सगळं आठवतं, कारण दोन्हीकडचं बोलणं माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीतून जात होतं. बाबांनी या धाकट्या भावाला बारा वर्षांचा असताना चीनमधून मनिलाच्या बोटीत बसवलं होतं आणि मागून येतो म्हणून सांगितलं होतं. काका तिथे नातलगाच्या दुकानात झाडू मारत, रात्री गल्ल्याखाली झोपत. पुढे दोरखंड आणि खिळे विकता विकता त्यांनी खिळ्यांचा कारखाना काढला, मग तीन गिरण्या. स्वतः शाळेत गेले नाहीत, म्हणून खेड्याखेड्यात शाळा बांधल्या. लाकडी घरांची वस्ती जळाली, तेव्हा पदरचे बंब घेऊन आग विझवणाऱ्यांचं पथक उभं केलं. एवढं करूनही तो देश त्यांना पन्नास वर्षं परकाच समजत होता. आदल्याच वर्षी नागरिकत्व मिळालं, पासपोर्ट हातात आला आणि तो घेऊन त्यांनी पहिला प्रवास केला तो नाशिकचा. माझगावच्या चिनी देवळातून त्यांनी आपला पत्ता काढला होता.

गुडघ्याएवढी ती तपकिरी बरणी त्यांनी सगळ्या प्रवासात मांडीवर धरून आणली होती. शेजारच्या सिंधुबाईने विचारलंसुद्धा, लोणच्याची का म्हणून. बाबा-काकांच्या मुलखात माणूस पुरतात, काही वर्षांनी मुलगा हाडं काढतो, धुतो आणि बरणीत नीट रचून ठेवतो. मग घर कुठेही हललं तरी आपलं माणूस बरोबर असतं. मनिलात स्वतःच्या शेजारी त्यांनी बाबांसाठी जागा घेऊन ठेवली होती, दगडावर नावही कोरलं होतं. थडगं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी आईला सांगितलं. आई हसऱ्या चेहऱ्याने उठली, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांना घाटावर घेऊन गेली. तिथे तिने नदीकडे बोट दाखवलं.

तो म्हातारा पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. आई मला विचारत राहिली, “भावजी का रडून राहिले? सांग ना त्यांला, गंगा हाय ही.” मी सांगितलं. पण काही गोष्टी सांगून कळत नाहीत. त्या दिवसानंतर गंगेचं नाव तिने अभिमानाने कधी काढलं नाही.

हाडं नाहीत तर मुलगा द्या, असं काका म्हणाले नाहीत. ते सज्जन होते. शिकवतो, माणूस करतो, दर दोन वर्षांनी पाठवतो, एवढंच म्हणाले. आई हो म्हणाली, कारण आपण त्यांचं काहीतरी बुडवलं आहे असं तिला वाटत होतं. तुला विचारलं तेव्हा तू विमानाबद्दल विचारलंस. सोळा वर्षांच्या पोराने आणखी काय विचारावं? जाताना काकांनी बरणी आपल्याकडेच ठेवली. तिच्यात कधी धान्य नाही, मीठ नाही, काहीच भरलं नाही आईने.

सुरुवातीला तुझी पत्रं यायची. नवी शाळा, नवा बंब, तुझं नवं चिनी नाव. मी वाचायची आणि आई फोटोवर बोट फिरवायची. किती पोरांना शाळा दिल्या भावजींनी, म्हणायची. माझ्या तोंडावर यायचं, की तुझं एक पोर नेलं त्याचं काय. काकांच्या खुर्चीत बसलेला तुझा फोटो आला, तेव्हा तिने तो पुष्कळ वेळ बघितला आणि विचारलं, “हा आपला जयराम हाय का भावजी?” मी म्हटलं, जयरामच.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. आई गेली रे. गेल्या महिन्यात, आजारी पडून आठवडाही झाला नव्हता. तार केली होती, तुझ्या कचेरीतून छापील आभार आले. शुद्धीवर होती तोवर तिने एकच धोशा लावला होता: “मला जाळू नका. भावजी आले तवा म्या त्यांला पाणी दावलं. माझं पोरगं येईल तवा त्याला काय दावाल?” मामा नाराज होते, आपल्यात असं करत नाहीत म्हणाले, पण शेवटी त्यांनीच खड्डा खणला. वालदेवीच्या काठाला पुरलं आहे तिला. नदी दर पावसाळ्यात काठ खाते. मामांनी दगड रचलेत, फार टिकतील असं वाटत नाही. बरणी मी धुऊन, पालथी घालून ठेवली आहे. तू येणार नाहीस हे मला कधीचं कळलं आहे, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी जागा सांगून ठेवते. मोठ्या चिंचेखाली नदीकडे तोंड करून उभा राहा, उजव्या हाताला दगड आहेत, तिथे.

तुझीच,
फुलाताई