मी बाहेर नेलेल्या कुप्या

१४ ऑक्टोबर

"अरे, इथल्या दोन कुप्या कुठायत?" मास्तर म्हणाले. शीतकपाटाचं दार उघडंच, वाफ त्यांच्या चष्म्यावर.

मी म्हणाले, "कुठल्या?"

कुठल्या! माझ्या तोंडून हा शब्द इतका सरळ कसा निघाला? आवाज कापला नाही, काही नाही. मास्तरांच्या हातातले जाड मोजे तसेच वर राहिले. दोनदा सगळे कप्पे बघितले, मग मला बघायला लावलं. मी बघितले! शोधायचं सोंग केलं!

ह्या कुप्यांत ज्याचे जंतू आहेत, त्या तापानं आजोबांच्या काळात गावंच्या गावं ओस पाडली होती. आता तो कुठेच नाही. उरलाय तो फक्त आमच्या आतल्या खोलीत, पुढेमागे लागलीच तर लस करता यावी म्हणून. त्या खोलीत तिघांनाच जाता येतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, मला इथलं काम शिकवणारे मास्तर आणि मी. प्रमुख महिनाभर परदेशात. म्हणजे उरलो दोघं.

कुप्या मी नेल्या. शुक्रवारी. थर्मासात बर्फ भरून, जेवणाच्या पिशवीतून. फाटकावरचा पहारेकरी हसून म्हणाला, "काय मॅडम, आज डबा जड दिसतोय!" मीही हसले.

सोमवारी परत आणून देतो म्हणाला होता दादा. त्याचा फोन लागत नाही.

१५ ऑक्टोबर

हे कसं झालं ते एकदा नीट लिहून काढते. नाहीतर उद्या मीच माझ्यापाशी वेगळं सांगायला लागेन.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी आईकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली, आई आत आडवी झाली. दादा भांडी पुसत होता. गृहमंत्र्यांचा सचिव, पण आईकडे आला की भांडी तोच पुसतो. मी नेहमीसारखी कुरकुरत होते. आमच्याकडे सुरक्षेच्या नावानं शिमगा, कॅमेरे बंद, पिशव्या कोणी तपासत नाही, सांगून सांगून जीभ झिजली.

दादा म्हणाला, "छोटे, मग दाखवूनच दे ना त्यांना."

"म्हणजे?"

"कुप्या बाहेर काढ. माझ्याकडे दे. मी मंत्र्यांच्या टेबलावर ठेवतो. सांगतो, बघा, माझ्या बहिणीनं जेवणाच्या पिशवीतून आणल्या! दुसऱ्या दिवशी तुला नवी इमारत मंजूर."

मी नको म्हणाले. एकदाच. तेही हळू.

दादानं फसवलं असं म्हणता येईल. सोपं आहे ते. पण खरं असं की मला ते चित्र आवडलं. मंत्र्याचं टेबल, खजील झालेले प्रमुख, मास्तरांनी "शाब्बास पोरी" म्हणणं. माझंच खरं होतं, हे सगळ्यांना कळणं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि शाब्बासकीसाठी मृत्यू पिशवीत घालून रस्त्यानं चालत गेले. वाटेत भाजीवालीपाशी थांबलेसुद्धा. पिशवी तिच्या ओट्यावर ठेवली होती!

१७ ऑक्टोबर

सकाळी टीव्हीवर गृहमंत्री. "शत्रूच्या हस्तकांनी प्रयोगशाळेतून भयंकर रोगाचे जंतू चोरले आहेत." निवडणूक बेमुदत पुढे ढकलली. सभा, मोर्चे बंद. विरोधी पक्षाचे पुढारी "त्यांच्याच संरक्षणासाठी" ताब्यात. दुकानांत तोंड झाकायची फडकी संपली. शेजारीण खिडक्यांच्या फटींत कागद कोंबत होती. मला विचारते, "तुम्ही तिथल्याच ना? वाचतो ना हो आपण?"

मी म्हणाले, "काळजी करू नका."

कचेरीत चौकशीला एक बाई आली आहे. गुप्तचर खात्याची. करडा कोट, करडे केस, बोलणं मात्र लोण्यासारखं. मला प्रमुखांच्या खोलीत बसवलं, स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.

"मास्तर विरोधकांच्या सभांना जातात, खरं ना?"

"जातात. लपवत नाहीत ते."

"आणि गेल्या आठवड्यात आतल्या खोलीत ते एकटेच गेले होते."

ते तपमान बघायला गेले होते. दर आठवड्याला जातात. हे मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. बाई फक्त बघत राहिली, आणि तिच्या बघण्यावरून मला कळलं, दुसरं नाव माझं आहे.

मी मान डोलावली.

एवढंच. शब्दसुद्धा नाही. मान!

१८ ऑक्टोबर

मास्तरांना नेलं. जाताना मला म्हणाले, "आतल्या खोलीचं तपमान बघत जा गं."

२० ऑक्टोबर

वहिनींनी बोलावलं, जावंच लागलं. मास्तरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. घराची झडती झालेली. गाद्या उसवलेल्या, पुस्तकं जमिनीवर, आणि वहिनींच्या गाण्याच्या शिकवणीच्या पेटीचा भातासुद्धा फाडलेला. त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते.

"तुला तरी वाटतं का गं, ह्यांनी केलं असेल?"

"नाही वहिनी."

"तू सांगितलंस ना त्यांना तसं?"

मी पुस्तकं उचलायला खाली वाकले.

त्यांनी एक पिशवी दिली. मास्तरांच्या दम्याचं औषध आणि स्वेटर. "तुझ्या दादाची ओळख आहे, तेवढं पोचव. कोठडीत गारठा असतो म्हणतात." दारापर्यंत सोडायला आल्या, म्हणाल्या, "तू आहेस म्हणून धीर आहे बघ."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं होतं.

२२ ऑक्टोबर

दादा अखेर आईकडे सापडला. दाढी वाढलेली. मी त्याला स्वयंपाकघरात ओढला.

"कुप्या कुठायत?"

"आहेत."

"दादा, कुठायत?"

"हळू बोल, आई ऐकेल."

"मास्तर कोठडीत आहेत!"

"काही होणार नाही त्यांना. वातावरण निवळलं की सोडतील. मला तसा शब्द दिलाय."

वातावरण! त्या एका शब्दात सगळं कळलं मला. निवडणूक हरत होते ह्याचे मंत्री, म्हणून भीती हवी होती. भीतीसाठी चोरी हवी होती, आणि चोर म्हणून विरोधकांच्या सभांना जाणारा माणूस. माझं गाऱ्हाणं, माझा डबा, सगळं आयतंच मिळालं. सुंठीवाचून खोकला गेला.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

त्यानं नळ घट्ट पिळला. मग म्हणाला, "थोडं."

"थोडं म्हणजे?"

"निवडणूक पुढे जाणार एवढं ठाऊक होतं. मास्तरांचं नव्हतं. छोटे, शपथ. तू कुप्या दिल्यास त्याच संध्याकाळी माणूस येऊन घेऊन गेला. मंत्र्यांचा माणूस म्हणून आला. आता मंत्रीच मला विचारतायत, कुप्या कुठे आहेत म्हणून."

दादाला घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. लहानपणी विहिरीत मला पोहायला शिकवताना मी गटांगळ्या खात होते, तरी हा हसत होता. आज एकच बशी तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

औषधाची पिशवी मी त्याच्यासमोर ठेवली. म्हणाला, "बघतो." निघताना बघितलं तर पिशवी तिथेच, ओट्यावर. मी परत घरी घेऊन आले.

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला चावायचं?

२३ ऑक्टोबर

आज कामावर गेले, काम केलं, डबा खाल्ला. असं करता येतं माणसाला!

२५ ऑक्टोबर

गेले एकदाची! करड्या बाईच्या कचेरीत जाऊन समोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. रविवार, दादा, थर्मास, त्या माणसाचं येणं. पहिल्यांदाच छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. वाटलं, आता ही बेल वाजवेल, मला आत टाकतील, मास्तर घरी जातील.

तिनं काही लिहून घेतलं नाही. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"मास्तरांनी काल गुन्हा कबूल केला," ती म्हणाली.

"पण त्यांनी केलेलाच नाही!"

"कबूल केलाय." मग अगदी मायेनं, "एका चोरीला दोन चोर कशाला हवेत, बाई? घरी जा. आईचं वय झालंय ना तुमच्या? बुधवारी न्यायालयात तुमची साक्ष आहे. मान डोलावली होती, तेवढंच तिथे तोंडानं सांगायचं."

दारापर्यंत आली ती. माझ्या कोटाची कॉलर सरळ केली.

काय करून कबूल करवलं असेल त्यांच्याकडून? दम्याचं औषध माझ्या कपाटात आहे.

२८ ऑक्टोबर

दादाचा निरोप आला आहे, आईच्या फोनवरून. "उद्या शहाण्यासारखी वाग. आपण दोघंही वाचू."

वाचू! लाज वाटते ती ह्याची, की क्षणभर मला बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर

न्यायालय खच्चून भरलेलं. पत्रकार भिंतींना चिकटून उभे. मास्तरांना आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही. श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते. चष्मा नव्हता, त्यामुळे माझ्याकडे बघत होते की नुसतंच समोर, कळत नव्हतं.

सरकारी वकील म्हणाला, "आरोपीला एकट्यानं आत जाताना तुम्ही पाहिलंत?"

मी म्हणाले, "कुप्या मी नेल्या."

न्यायाधीशांना वाटलं, चुकून बोलले. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग थांबताच येईना. वकील ओरडत होता, "साक्षीदाराची मनःस्थिती ठीक नाही!" करडी बाई उठून बाहेर गेली. मी दादाचं नाव घेतलं. माझ्या दादाचं! मंत्र्यांचा माणूस आला होता तेही सांगितलं. पत्रकार लिहीत सुटले, म्हणून तर कोणाला दाबता आलं नाही.

मास्तर खाली बसले. रडत नव्हते. दम लागला होता.

वऱ्हांड्यात वहिनी समोर आल्या. शिपाई मला धरून नेत होते. मला वाटलं, थुंकतील. त्यांनी एवढंच विचारलं, "औषध पोचलंच नव्हतं ना?"

"नाही."

त्यांनी पदर तोंडावर धरला आणि वळल्या. शिवी नाही, शाप नाही. ते मी कुठे ठेवू आता?

३१ ऑक्टोबर

मला घरातच नजरकैदेत ठेवलंय. दाराशी दोन शिपाई. आईला माझ्याकडे आणून सोडलं, कारण तिचं बघायला दुसरं कोणी नाही. दादाला काल पकडलं.

मास्तर सुटले. इस्पितळात आहेत, पण सुटले!

टीव्हीवर गृहमंत्री खिन्न चेहऱ्यानं: "माझ्याच सचिवानं माझा विश्वासघात केला." कुप्या घेऊन गेलेल्या त्या माणसाबद्दल अवाक्षर नाही. संध्याकाळच्या बातम्यांत कुप्या सापडल्या! म्हणे दादाच्या कचेरीतल्या शीतपेटीत. लोकांनी रस्त्यावर टाळ्या वाजवल्या. शेजारणीनं खिडकीतले कागद काढले. आमच्या खिडकीकडे बघून दार मात्र धाडकन लावून घेतलं.

आई जेवताना म्हणाली, "एकानं दुसऱ्याला बुडवलं. कोणी कोणाला, ते मला सांगू नकोस. दोन्ही माझीच."

मी तिचं ताट उचललं. तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः उठली.

२ नोव्हेंबर

सकाळी प्रयोगशाळेत नेलं, कुप्या ओळखायला. मास्तर अजून इस्पितळात, प्रमुख परतले नाहीत, म्हणून मीच. करडी बाई होतीच. कागद तयार होता. "ओळखलं म्हणून सही करा. संध्याकाळपर्यंत पहारा उठेल. तुम्ही माफीच्या साक्षीदार. भावाचंही हलकं होईल. लोक शांत झोपतील."

काचेआड कुप्या. चिठ्ठ्या आमच्यासारख्या, आकडे आमचेच. मला फार वाटत होतं त्या आमच्याच असाव्यात.

आमचं द्रावण गुलाबी असतं. गोठलं तरी गुलाबी. ह्यांच्यात पाण्यासारखं स्वच्छ बर्फ.

"ह्या आमच्या नाहीत," मी म्हणाले. "खऱ्या अजून बाहेर आहेत."

बाईनं पेन पुन्हा माझ्या हातात दिलं. तिची बोटं थंडगार होती. खऱ्या कुठे आहेत, ते तिलाही ठाऊक नव्हतं.