रिकामं कॅरिअर

६ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. चिमूर-वरोरा पट्ट्याचा वार्ताहर म्हणून झालेली ही बदली म्हणजे शिक्षा, असं नागपूरच्या कार्यालयात सर्वांचं एकमत आहे. मला ती बक्षिसासारखी वाटते. वाईच्या पाठशाळेत न्यायशास्त्र घोकलेल्या माणसाला पन्नाशीत मोकळी हवा, रुंद टायरची नवी सायकल आणि संपादकापासून इतकं अंतर मिळावं, ह्याहून मोठं पूर्वसंचित कोणतं?

खोली गुणाबाईंच्या घरी आहे. दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, अंगणात धानाच्या पेंढ्या आणि नववीत शिकणारी नात दिव्यानी. दिव्यानीनं माझी सायकल सर्व बाजूंनी न्याहाळली आणि विचारलं की एवढी महाग गाडी, तर हिले कॅरिअर काऊन नाई. 

८ ऑक्टोबर

आज जुना मुरुमाचा रस्ता पाहिला. डांबरी हमरस्ता झाल्यापासून हा टाकून दिलेला. नदीवरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, अर्धा वाहून गेलाय, सायकल जाईल एवढीच पट्टी उरली आहे. त्यामुळे चारचाकी नाही, मोटारसायकल नाही, हॉर्न नाही. पुढे नदी काळ्या खडकाच्या खोऱ्यात शिरते. कधीकाळी लाव्हारस थंड होताना तडकला आणि त्याचे सहा कडांचे उंच खांब झाले. दोन्ही काठांवर ते खांद्याला खांदा लावून उभे आहेत, पंगतीला जागा मिळण्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे. गावात ह्याला खांबाची खोरी म्हणतात.

वनरक्षक हरिदास भेटला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आजूबाजूला वाघ आहेत, पण खोरीत वाघाचा माग कधी दिसत नाही. ही मी शिफारस समजलो.

१३ ऑक्टोबर

गावातल्या सायकलवाल्या कुलदीपच्या दुकानातून सायकलला कॅरिअर बसवून घेतलं. घरी येताच गुणाबाईंनी बजावलं की रिकाम्या कॅरिअरनं खोरीतून जायचं नाई भाऊ, कोनी बसते. कोण बसतं, विचारलं. दमलेले लोकं, दुसरं कोन, असं उत्तर मिळालं. म्हणून सगळे घरून गोटा नेतात, कॅरिअरला बांधतात आणि परत आणतात. गोटा आपल्याच अंगणातला हवा. जागा आधीच भरलेली दिसली म्हणजे ते उभेच राहतात.

मी म्हटलं, दमलेल्यांनी एसटी धरावी. शिवाय बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून हे कसं? त्या हसल्या. म्हणाल्या, आमी देव मानत नाई, पण ते देव आहेत असं म्हनलंच कोनं? वादात हरलो. फक्त मान्य करत नाही.

खरं दुःख वेगळंच आहे. दिव्यानीच्या वर्गातली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात हमरस्त्यावर ट्रकखाली गेली. तेव्हापासून गावच्या मुली शाळेला जीव मुठीत धरून जातात आणि दोघींचं नाव तर घरच्यांनी काढून टाकलं. जुना रस्ता थेट शाळेमागे निघतो. मग मुली तो वापरत का नाहीत? लिहायलाच हवं.

२० ऑक्टोबर

लेख छापून आला. शिक्षिका उर्वशीताईंनी तो पालकसभेत मोठ्यानं वाचला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या सोमवारपासून मुली जुन्या रस्त्यानं जाणार, प्रत्येकीच्या कॅरिअरवर घरचा गोटा. नाव काढलेल्या दोघीही पुन्हा येणार. गुणाबाईंनी गोड भात केला.

मीही लोकमताचा मान राखायचं ठरवलं. पण घरून गोटा वाहून न्यायचा म्हणजे मधमाश्यांच्या घरी मध पाठवणं! खोरीतच खांबाचा एक सुबक, सहा कडांचा तुकडा पडला होता, तोच कॅरिअरला बांधून घरी आणला. टेबलावर कागद दाबायला झकास आहे.

२४ ऑक्टोबर

दोन दिवस सायकल जड चालते आहे. सपाटीवरसुद्धा चढ लागल्यासारखी. कुलदीपनं चाक फिरवून पाहिलं, बेअरिंग पाहिलं, ब्रेक पाहिले. सगळं ठीक. त्याचं निदान असं की सर, गाडी बरोबर आहे, तुमी डबलसीट चालवून राह्यले. मी हसलो. तो हसला नाही. गोटा कुठला नेला होता, हे त्यानं विचारलं. सांगितलं. त्यानं हात पुसले आणि तो दुसऱ्या सायकलीकडे वळला.

वयाचा परिणाम, असं मी स्वतःला समजावलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. काकतालीय न्याय, दुसरं काही नाही.

२९ ऑक्टोबर

तो तुकडा परत खोरीत टाकून आलो. सायकल हलकी झाली नाही. उलट परतताना दोनदा उतरून ढकलावी लागली. ढकलताना मागे वळून पाहिलं. मुरुमात माझ्या टायरची खूण बोटभर खोल होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक रेघा. डबलसीट बसलेल्याचे पाय लांब असले आणि टाचा जमिनीला लागल्या की उमटतात तशा.

प्रत्यक्ष आणि अनुमान, दोन्ही प्रमाणं एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवत आहेत. पाठशाळेत अशा वेळी गुरुजी तास संपवत.

३ नोव्हेंबर

दिव्यानी मला न विचारता माझी सायकल घेऊन गिरणीवर गेली. भर दुपारी परत आली ती सायकल ढकलत, रडत. सांगत होती की मागं कोनी तरी बसलं, पोटाला हात घालून धरलं, अन् हात थंडेगार, गोट्यासारखा.

गुणाबाईंनी तिचा सदरा वर करून पाहिलं. कमरेवर काळसर वळ होता.

वळाला त्यांनी हळद लावली. एरवी रोज टोमणा मारणारी बाई. आज नुसता चहा दिला. 

६ नोव्हेंबर

आता हे फक्त माझ्या सायकलीपुरतं राहिलं नाही. मुलींच्या अंगणांत उभ्या सायकलींची मागची चाकं दबलेली दिसतात. हवा भरली की पुन्हा दबतात. कॅरिअरवर घरचे गोटे बांधून ठेवतात. सकाळी ते खाली पाडलेले सापडतात.

म्हणजे खोरीत जे उभे राहत, ते आता गावात येऊन बसतात. बोलावणं मी दिलं. त्यांच्याच घरचा दगड कॅरिअरवर ठेवून गावापर्यंत वाट दाखवली.

सभा झाली. जुना रस्ता बंद करायचा, मुली हमरस्त्यानेच जातील किंवा जाणारच नाहीत, असं ठरत होतं. मी उठून नको म्हणालो. ट्रकच्या तोंडी देण्यापेक्षा मला रविवारपर्यंत वेळ द्या. उर्वशीताईंनी विचारलं, काय करणार? मला माहीत नव्हतं. गुणाबाई म्हणाल्या, ज्यानं आनलं त्यानं न्यावं. बस, एवढंच.

चालेल. भीती वाटते. वाटू दे. भीतीचं नि माझं जमणार नाही, एवढं तिलाही कळलं पाहिजे.

९ नोव्हेंबर

दुपारी सगळ्या सायकली रांगेत लावल्या. गुणाबाईंनी माझ्या सायकलीचं कॅरिअर धुतलं, वर चादरीची घडी घातली. पाहुण्याला घालतात तशी. मी मोठ्यानं म्हटलं, दमलात ना, माझ्या मागे बसा, सोडतो घरी. भाडं नाही.

एकेका सायकलीचं मागचं चाक वर आलं.

माझ्या सायकलीचा टायर चपटा झाला. कॅरिअर वाकलं — नळी कर्रर्र — पण तुटलं नाही. कुलदीपचं काम पक्कं.

उद्या सकाळी. परवा शाळा.

१० नोव्हेंबर

खोरीत आहे. ऊन चांगलं आहे. सकाळभर ढकलत आणली. बसून चालवणं अशक्य. पाठीवर श्वास — थंड, दगडी.

खांबांपाशी येऊन म्हटलं, उतरा. कोणी उतरलं नाही.

सायकल खांबाला टेकवून गावाकडे चालू लागलो. मागे मुरूम वाजला. ती सरळ उभी, माझ्या मागे आलेली. थांबलो की थांबते. चाललो की —

म्हणजे घरापर्यंत येणार. उद्या दिव्यानीच्या मागे. पुन्हा सगळ्यांच्या मागे.

नाही. नाही म्हणजे नाही.

विचार केला. ह्यांना कोणी कधी चालवायला दिलं का? सदा मागे. सदा दुसऱ्याच्या पाठीला तोंड.

परत गेलो. म्हटलं, सरका पुढे. सीट तुमची. मी मागे बसतो.

कॅरिअर वर आलं. बसलो. चादर ओली आहे. पुढची सीट हळूहळू दबली, स्प्रिंग वाजली. एका हातानं सीट धरली आहे, एका हातानं वही —

पायडल फिरलं. माझा पाय त्यावर नाही.

हँडल वळतं आहे. गावाकडे? नाही, गावाकडे नाही. खांबांकडे. आत. वा! हलकी चालते आहे, उतारासारखी —

मुलींना सांगा रस्ता मोकळा आहे. उद्या खुशाल या. गोटा घरचाच — उर्वशीताई, लेखात दुरुस्ती छापायला सांगा, घरचाच —

पुढचा माणूस मागे वळून बघतो आहे. त्याला मी सांगितलं, पुढं बघा हो, रस्ता —