मामांनी कधीच न घासलेलं पदक

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (तुम्ही वाकू नका, गुडघा पुन्हा दुखतोय असं कळलं). कसा आहे गुडघा? हे आईने विचारायला सांगितलेलं नाही. तिचं नि तुमचं बोलणं बंद आहे हे माझ्या लक्षात आहे. तिची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम.

पत्रास कारण आजोबांची युद्धातली पदकं. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने त्याच्या वडिलांचं पदक एका संग्राहकाला विकून फ्रीज घेतला, तेव्हापासून आमचा फ्रीज फार आवाज करतोय असं मला वाटू लागलं. नुसती किंमत विचारू, विकायचं कोण म्हणतंय, असं गोड बोलून मी आमच्याकडची चार पदकं एका जाणकाराकडे न्यायचं ठरवलं. (पाचवं तुमच्याकडे आहे. वाटणीच्या दिवशी आई चहा टाकायला आत गेली आणि ते तुमच्या खिशात गेलं, हा इतिहास मला पाठ आहे.) आई अर्थातच सोबत आली.

जाणकाराचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक दिवा आणि दोन भिंगं. माणूस सावकाश बोलणारा. प्रत्येक पदकाच्या फितीचे रंग ठरलेले असतात, त्यावरून मोहीम कोणती ते कळतं, असं सांगता सांगता तो फित उलटून पाहू लागला. आमच्या चारही फिती गुलाबी आहेत. जुन्या विटल्या म्हणून आईने ताईच्या वेणीच्या रिबिनी कापून लावल्या होत्या. (शिलाई सुबक आहे, हे त्यानेही मान्य केलं.) मग तो पदकाची कड न्याहाळू लागला. तिथे सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं म्हणे. नाव असेल तर ते त्या माणसाचं पदक, नसेल तर नुसती गोल चांदी. त्याने भिंग बदललं, दिवा जवळ ओढला आणि शेवटी विचारलं, "ही कोण घासतं?"

"मीच," आई मान ताठ करून म्हणाली. "दर रविवारी, भांड्यांच्या पावडरीने. बाबा होते तेव्हापासून एक रविवार चुकला नाही."

त्या बिचाऱ्याने डोळे मिटले. नाव गेलं होतं, नंबर गेला होता, पुढच्या बाजूच्या इंग्रज राजाचं नाकसुद्धा गेलं होतं. असल्या पदकांना संग्राहक हात लावत नाहीत, असं त्याने जपून सांगितलं आणि माझा फ्रीज तिथेच बुडाला. आईने मात्र किमतीचं ऐकलंच नाही. "म्हणजे बाबांचं नाव मीच पुसलं," एवढंच म्हणाली. घरात एखादं न घासलेलं असेल तर बघा, असं तो उठता उठता म्हणाला. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. (हे किती गंभीर आहे, ते तुम्हाला सांगायला नको.) या रविवारी पावडरीचा डबा फळीवरून खालीही आला नाही. मला फार वाईट वाटलं.

आणि मग मला तुम्ही आठवलात. तुम्ही जन्मात कुठलीही वस्तू घासली नाही, पुसली नाही, झटकलीसुद्धा नाही, ही आईची तक्रार मी लहानपणापासून ऐकतोय. आज सगळी भिस्त त्या तक्रारीवर आहे. तुमच्याकडच्या पदकावर धूळ असेल, काळे डाग असतील, पण कडेवर आजोबा असतील. तेवढं शोधा, आणि सापडलं की त्याला काहीही करू नका. तुमच्या स्वभावाला ते जड जाऊ नये.

तुमचा आज्ञाधारक (जमेल तेवढा)
भाचा

ता. क. विकण्याचं डोक्यातून गेलं. आईला ते नाव एकदा वाचू दे, इतकंच आहे. टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही.

ता. क. दुसरा. माहीत झालं. पाकिटाला डिंक मागायला गेलो आणि तिने पत्र वाचलं. म्हणाली, त्याला सकाळच्या गाडीने यायला सांग, पाय लांब करून बसता येतं. मग म्हणाली, "पदक नाही सापडलं तरी तू ये, असं लिही." थोड्या वेळाने आतून म्हणाली, ते शेवटचं खोड.

मी खोडलेलं नाही.