तिसऱ्या वळणावरचा नमस्कार

जळगाव,
शनिवार, दि. १८ जानेवारी २०२५

ती. अक्कास, योगेंद्रचा सा. न. वि. वि.

फोनवर आपले बोलणे तिसऱ्या मिनिटाला भांडणावर येते आणि चौथ्या मिनिटाला तू फोन ठेवतेस. पत्रही मधेच ठेवून देता येते, परंतु लिहिणाऱ्याला ते ऐकू येत नाही. एवढ्याच सोयीसाठी हा पत्रव्यवहार चालू ठेवतो.

चि. हितेंद्रच्या सायकल शर्यतीची नियमावली मी दोनदा वाचली. चौथा टप्पा रविवारी, दोन फेब्रुवारीला. धुळ्याहून सुटायचे, सोनगीर, शिरपूर, चोपडा, यावल करीत रावेर गाठायचे आणि शेवटी सातपुड्याचा घाट चढून पालला पोहोचायचे. तुझा मुलगा संघातला प्रमुख स्वार नसून साहाय्यक आहे, दिवसभर मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून पुढच्यांना देणे हे त्याचे काम आहे, ही माहिती तू गल्लीत अद्याप जाहीर केलेली दिसत नाही. असो. या एका टप्प्यावर व्यवस्थापकांनी त्याला मोकळीक दिली आहे. पालला पहिल्या दहांत आला तर दोन वर्षांचा करार. न आल्यास काहीही नक्की नाही, म्हणजेच तुझे दीर रोहिदासराव यांचे पाइपांचे दुकान नक्की.

खरे संकट घाट हे नाही, रसिक जनता आहे. रावेरचे लोटनभाऊ हे स्वागत समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांना कोणी नेमले, हे त्यांनाही ठाऊक नाही. घाटातल्या तिसऱ्या वळणावर प्रत्येक स्वारास शाल, श्रीफळ व केळीची फणी देण्याचा त्यांचा संकल्प आहे. स्वार एकशे वीस आहेत आणि ते शर्यतीत आहेत, हे मी निदर्शनास आणले. त्यावर, सत्काराला कोण नाही म्हणतो, असे त्यांनी मलाच विचारले. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणापुरती, फक्त पाच मिनिटे, शर्यत थांबवण्याची विनंतीही त्यांनी आयोजकांना केली आहे.

यांना कोण सांगणार की स्वाराचा बूट पेडलमध्ये खटक्याने अडकवलेला असतो. त्याने स्वतः टाच जोर लावून बाहेर वळवली तरच तो सुटतो, कोणी वरून ओढून सुटत नाही. चढावर नारळ हातात आला तर माणूस नारळासकट आडवा व्हायचा. म्हणून मी स्वतः दोरी आणि शिट्टी घेऊन त्या वळणावर उभा राहणार आहे. स्वाराच्या चार हात अंतरात कोणीही येणार नाही, ही माझी व्यक्तिगत जबाबदारी समजावी.

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा जपावा. वाढवण्याची घाई नाही.

तुझा,
योगेंद्र


धुळे,
गुरुवार, दि. २३ जानेवारी २०२५

चि. योगेंद्र यास, हेमलताअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. माझ्या मुलाची शर्यत आहे की तुझ्या कॉलेजच्या कार्यालयाची तपासणी आहे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अधीक्षक झाल्यापासून तू घरच्या माणसांनाही परिपत्रकंच पाठवतोस.

गल्लीत मी सगळं सांगितलेलं आहे. शेजारच्या भिकुबाईंचं म्हणणं पडलं की, दुसरास्ले पानी देस, मंग याले पगार कसाना? मी म्हटलं, तुमचा मुलगा कार्यालयात दुसऱ्यांच्या सह्या गोळा करतो, त्यालाही मिळतोच की. तेव्हापासून त्या बोलत नाहीत, पण शर्यत बघायला येणार आहेत. आमचे भाऊजी त्याहून तयारीचे. त्यांनी दुकानात हितेंद्रसाठी फिरती खुर्ची आणून ठेवली आहे, आणि तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नाही, हे मला दोनदा सांगून झालं. या घरात पोराच्या सायकलीच्या बाजूने सहा वर्षं मी एकटी बोलते आहे, योगेंद्र. तो परत आला तर त्या खुर्चीत तो बसेल, आणि टोमणे मी खाईन.

तू दोरी धर, शिट्टी वाजव, काय हवं ते कर. पण एक सांगते. दोन वर्षांपूर्वी तो परदेशी शिबिराला निघाला तेव्हा तुझी गाडी भुसावळला अडकली आणि भाच्याच्या पाया पडायचं तुझं राहून गेलं. तेव्हापासून त्याचं चाक कुठेही पंक्चर झालं की तू दोष स्वतःकडे घेतोस, हे तुझ्याच बायकोने, सारिकाने मला सांगितलं आहे. एवढा बी.कॉम. झालेला माणूस! आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, बरोबर आहे. पण शर्यत संपल्यावर, तो सायकलवरून उतरल्यावर, सावकाश पड. घाई नको.

सारिकाला आशीर्वाद. दोन तारखेला भरीत-पुरीचा डबा मोठा ने, घाटात बठ्ठं खान्देश जेवायला उतरणार आहे. तुझ्यावरचा माझा जीव तुझ्या सल्ल्यांनीही कमी होत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
अक्का


धुळे,
मंगळवार, दि. ४ फेब्रुवारी २०२५

योगेंद्र,

आशीर्वाद पुढच्या वेळी. या पत्रात जागा नाही.

रविवारी आमच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर एकवीस माणसं होती. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. रावेरला पोरगा सतरावा होता. घाट लागला तसा एकेक जण मागे पडत गेला, आणि दुसऱ्या वळणावर हितेंद्र नववा! भाऊजीसुद्धा उभे राहिले. भिकुबाईंनी अबोला मोडून माझा हात धरला.

मग तिसरं वळण आलं. लोटनभाऊ दोरीच्या मागे, ढोलवाले मागे, आरतीचं ताट घेतलेल्या बाया मागे, केळीच्या ट्रॅक्टरवर चढलेली माणसंसुद्धा हात बांधून गप्प. काय ती शिस्त! आणि दोरीच्या पुढे एकच माणूस: पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, गळ्यात शिट्टी. तो हितेंद्रच्या बाजूने दहा पावलं पळाला, कमरेत वाकला आणि चालत्या सायकलीवर माझ्या मुलाच्या पायाला हात लावून नमस्कार केला. बूट सुटला. सायकल डगमगली. पोराने पाय टेकला, आणि बघता बघता सहा जण त्याच्या पुढून निघून गेले.

समालोचक म्हणाला की, एक जागरूक नागरिक स्वाराच्या बुटाची नाडी बांधत आहे. भिकुबाई म्हणाल्या, हाऊ मामा शे का वैरी शे? समालोचकापेक्षा त्यांना जास्त कळतं.

हितेंद्र बारावा आला. भाऊजी उठले. दुकानात गेले आणि खुर्चीवरचा प्लॅस्टिकचा कागद काढला.

या आखाजीच्या सणाला मी माहेरी येणार नाही. सारिकाने सांजोऱ्या करू नयेत. आणि जबाबदारी व्यक्तिगत होती, हे तुझ्याच अक्षरात माझ्याकडे आहे.

हेमलता


जळगाव,
शुक्रवार, दि. ७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास, सा. न. वि. वि. (नमस्कार या शब्दाला सध्या माझ्या तोंडी काय किंमत आहे, याची मला जाणीव आहे.)

तुझ्या पत्रात एक तपशील चुकला आहे. मी दहा नव्हे, चौदा पावले पळालो. चित्रफीत पाहून मोजली. ती आतापर्यंत नऊ लाख लोकांनी पाहिली असल्याने पडताळणीस अडचण नाही.

सायकलप्रेमी जगताचे अभिप्राय तुझ्या माहितीसाठी कळवतो. बेल्जियममधील एका गृहस्थांच्या मते मला आजन्म रस्त्यावर येण्यास बंदी करावी. दुसऱ्या एकाने, माझ्यासारख्यांमुळेच हा खेळ रसातळाला गेला, असे सविस्तर लिहिले आहे. मी हा खेळ एकदाच पाहिला असल्याने एवढे मोठे श्रेय मला घेववत नाही. एका बाईंनी, या वयात पळता पळता इतके वाकता येणे कौतुकास्पद असल्याचे नोंदवून, मी कोणता व्यायाम करतो, अशी पृच्छा केली आहे. आपल्याकडील रसिक अधिक उदार आहेत. ते नुसते ‘मामा’ एवढेच लिहितात आणि पुढे हसणारे चेहरे काढतात. कार्यालयात मी जिना उतरू लागलो की तरुण कर्मचारी एकमेकांच्या पाया पडतात. लोटनभाऊंचा स्वतंत्र निषेध आला आहे: एवढ्या वेळात आमची शाल आणि श्रीफळ दोन्ही उरकले असते, असे त्यांचे म्हणणे असून ते हिशेबाने बरोबर आहे.

वास्तविक त्या दिवशी घाटात कोणाचे लक्ष शर्यतीकडे होते? पहाटेपासून लोक वांगी भाजत होते. पहिले तीन स्वार गेले तेव्हा निम्म्या लोकांच्या हातात पुरी होती, आणि उरलेले पाठमोरे उभे राहून स्वतःचे फोटो काढत होते. पाच तास थांबायचे, चाळीस सेकंद ओरडायचे आणि उरलेले भरीत बांधून घरी न्यायचे, यालाच क्रीडाप्रेम म्हणत असावेत. त्या सर्वांना मी सकाळपासून शिस्त शिकवली. ती त्यांनी पाळली.

अक्का, तो वळणावरून आला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. गालफडे आत गेलेली, ओठ पांढरे, नजर कुठेच नाही. लहानपणी भुईमुगाच्या शेंगांवरून माझ्याशी भांडणारा मुलगा तो हाच, हे पटायला मला क्षणभर लागले, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात दोरी नव्हती. ती केव्हा सुटली, ते मला सांगता येत नाही. बूट सुटायला नको होता. पण सुटला, हे नऊ लाख लोकांप्रमाणे मीही पाहिले आहे.

आखाजीचा निर्णय तूर्त कायम करू नये, अशी विनंती. लोभाचा विषय आज काढत नाही.

योगेंद्र


पुणे,
सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

नमस्कार लिहीत नाही. आपल्याकडे तो उलट्या दिशेने जातो, हे आता जगाला माहीत झालं आहे.

फोन केला असता, पण मामी तुमचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, आणि मामींना कळलेलं धुळ्याला पोहोचायला पाच मिनिटं लागतात. हे फक्त तुमच्यासाठी आहे.

बूट तुमच्या हाताने सुटला नाही. तो मी सोडला होता. दुसऱ्या वळणानंतर पोटरीत गोळा आला, डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं. नववा आहे हे कानात कोणी तरी ओरडत होतं, पण ते दुसऱ्याच कोणाबद्दल आहे असं वाटत होतं. मी ठरवलं, बस झालं. पुढचं वळण आलं की उतरायचं आणि मागच्या मोटारीत जाऊन बसायचं. काकांची खुर्ची कोणत्या रंगाची असेल, याचाही विचार करून झाला होता. टाच बाहेर वळवली, आणि त्याच क्षणी कोणी तरी पायाला हात लावला. खाली बघतो तर तुम्ही.

मामा, छप्पन्न वर्षांचा माणूस पळत येऊन पाया पडतो आहे आणि त्याच्यासमोर मी मोटारीत जाऊन बसायचं? मला ते जमलं नाही. पाय टेकवला, तो तेवढ्यापुरताच. पुन्हा बूट अडकवला. पंधरावा होतो, बारावा आलो. मी दहांत यायचा राहिलो असं सगळ्यांना वाटतं. मी पालला पोहोचणारच नव्हतो, हे मला एकट्याला माहीत होतं, आता तुम्हालाही.

व्यवस्थापकांनी एका वर्षाचा करार दिला. पाय सुटल्यावर पुन्हा चढून तिघांना गाठलं, ते त्यांना आवडलं म्हणे. पाण्याच्या बाटल्या चालू राहतील.

आईला हे कळवायचं धाडस होत नाही. सहा वर्षं ती सगळ्यांना सांगत आली आहे की, माझा मुलगा मधे सोडून देणारा नाही. पण तुमच्यावरचा खोटा ठपकाही मला बघवत नाही. तुम्ही म्हणाल तर मी आजच लिहितो. तुम्ही ठरवा.

आखाजीला तीन दिवस सुट्टी आहे. जळगावला येतो.

तुमचा,
हितेंद्र


जळगाव,
शनिवार, दि. १५ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास, योगेंद्रचा सा. न. वि. वि.

चि. हितेंद्रच्या एका वर्षाच्या कराराची वार्ता तुला समजली असेलच. भिकुबाईंना त्यातला ‘पगार’ हा शब्द सावकाश वाचून दाखवावा. रोहिदासरावांना माझ्या वतीने सुचवावे की, खुर्ची नवीनच आहे. कागद पुन्हा चढवल्यास परत घेतली जाईल.

दोन वर्षांच्या जागी एक वर्ष झाले, त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे. मागील पत्रात मी भरीत, जनता आणि बेल्जियम यांच्या आड उभा राहिलो होतो. ते मागे घेतो. मुलाने काहीही सोडले नव्हते. तो नववा होता, दहांत आला असता, आणि मध्ये मी आलो. आपल्या बहीण-भावाच्या पत्रव्यवहारात चूक मान्य करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग असल्याने शब्दरचनेत उणीव राहिली असल्यास सांभाळून घ्यावे. हे पत्र गल्लीत मोठ्याने वाचण्यास माझी हरकत नाही.

हितेंद्र आखाजीला जळगावला येतो आहे. त्या दिवशी मी रीतसर त्याच्या पाया पडणार आहे. तो पाटावर बसलेला असेल, पायांत बूट नसतील, आणि चार हात अंतरात दुसरे कोणी नसेल. दोरी धरायला मात्र विश्वासाचे माणूस हवे, आणि तसे माझ्या पाहण्यात एकच आहे. सारिकाने सांजोऱ्यांचा रवा आणला आहे. तू शिव्या द्यायला ये, परंतु ये.

मजवरील लोभ घटला असेल तर तोही माझ्याच दोषाने घटला, असे समजून जमल्यास पूर्ववत करावा.

तुझा,
योगेंद्र

ता. क. माझ्या १८ जानेवारीच्या पत्रात स्वाराच्या बुटाच्या खटक्याविषयी काही मजकूर आहे. तो चुकीचा आहे. नियमावली वाचताना माझी समजण्यात गफलत झाली. ते पत्र पुन्हा न वाचता फाडून टाकावे.