पाच गोल, उजवीकडून

३ ऑगस्ट, सोमवार. पहाटेच्या नमाजानंतर.
बिस्मिल्लाह. हिशेबाच्या वहीची मागची चौदा पानं कोरी राहिली होती, ती वाया कशाला घालवा, म्हणून ही नोंद. आजपासून मी विद्यापीठाच्या यंत्राची परीक्षक. मुलं संशोधनासाठी त्याला प्रश्न विचारतात, ते उत्तर देतं आणि उत्तर कसं आहे ते आम्ही तिघी बायकांनी घरून टॅबवर सांगायचं. त्यावरून ते शिकतं म्हणे. आमचा विषय वर्षाची बेगमी : रव्याचं कुसकुस, वाळवणं, मिरच्या, ऑलिव्ह. अख्ख्या कैरवान शहरात या विषयात मला शिकवणारं कोणी नाही. विद्यापीठाचा नौफल काम समजावून झाल्यावर म्हणाला, काही शंका? बाकीच्या दोघींना ढीगभर होत्या. मला एकही नव्हती.

४ ऑगस्ट.
प्रत्येक उत्तराखाली पाच गोल. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत. एम्ना म्हणाली, उम्मी, पहिल्या दिवशी शेजारी बसते. मी म्हटलं, तुला चालायला कोणी शिकवलं? लेक पीएच.डी. करते म्हणून मॅट्रिकवाल्या आईला गोल मोजता येत नाहीत की काय. आपण अरबी वाचतो तसे उजवीकडून मोजायचे. उजवीकडचा पहिला सगळ्यात वाईट, डावीकडचा पाचवा सगळ्यात चांगला. यात विचारण्यासारखं काय आहे?

७ ऑगस्ट, शुक्रवार.
नियम ठरवला. माहीत नसेल तिथे "माहीत नाही" म्हणेल त्याला पाच. फुशारकीला एक. आज कुणी मिरच्यांना कोणत्या महिन्याचं ऊन लागतं ते विचारलं होतं. यंत्राने लिहिलं, मला खात्री नाही, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. डोळ्यांत पाणी आलं. ताबडतोब डावीकडचा पाचवा दाबला.
शेऱ्यासाठी चौकट असते. ती रिकामी सोडते. शब्द उधळायची मला सवय नाही.

१४ ऑगस्ट.
एम्नाचा प्रबंधही बेगमीवरच आहे. माझ्याच गच्चीवर माझंच कुसकुस वाळतंय, त्याचे फोटो काढते आणि प्रश्न मात्र यंत्राला विचारते. आज बोलून दाखवलं. ती म्हणाली, "उम्मी, तुला विचारलं तर तळटीप काय टाकू? आई, स्वयंपाकघर?"
नवरा हसला. मुन्सिफला हसायला फार लागत नाही.
ठीक आहे. यंत्राला मी शिकवते, यंत्र तिला सांगेल. त्याच्या तोंडून का होईना, प्रबंधात जाईन.

२ सप्टेंबर.
दोघींनी काम सोडलं. एकीचे डोळे दुखतात, दुसरी सूसला लेकीकडे गेली. आता बेगमीच्या बाबतीत त्या यंत्राला माझ्याशिवाय कोणी नाही.

१० सप्टेंबर.
यंत्र बिघडत चाललंय. "माहीत नाही" म्हणणं बंदच. मिरच्या तासाभरात वाळतात म्हणे. एक. ऑलिव्हला साखर लावतात म्हणे. एक. लाडावलेल्या पोरासारखं दामटून बोलतं. शिक्षा वाढवली पाहिजे. उद्यापासून रोज चाळीस उत्तरं जास्त तपासायची.

१३ सप्टेंबर.
चाळीस नाही झाली. अकरा झाली. पाहुणे आले. अकराही फुशारक्याच. अकराही वेळा एक.

२१ सप्टेंबर.
जेवताना मुन्सिफ म्हणाला, इतकं शिकवून उलटंच होतंय, तर एकदा नौफलला विचारून घे, गोल बरोबर दाबतेस ना.  रात्रीच्या शोरब्यात मीठ घातलं नाही.

६ ऑक्टोबर.
एम्नाने विचारलं, वेळ कमी आहे, कुसकुसच्या प्रकरणात यंत्राचं खरं धरू ना? दोन महिने शिकवून ते वाया गेलं, असं लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सुधारतच असेल. शिक्षेचा परिणाम उशिरा दिसतो. म्हटलं, "माझ्या हाताखाली शिकलंय ते. डोळे मिटून घे."
तिने डोळे मिटून घेतलं.

५ नोव्हेंबर, गुरुवार.
आज तिची तोंडी परीक्षा. परीक्षकांसाठी खजुराचे मकरूद तळले, चांगलं तूप घातलं. हात आखडता घेतला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
डबा तसाच परत आला.
प्रबंधात लिहिलं होतं की कैरवानच्या बायका कुसकुस वळताना समुद्राचं पाणी शिंपडत. खाली पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पान क्रमांक. तसं पुस्तक नाही. तसा लेखक नाही. समुद्र इथून तासाभराच्या वाटेवर आहे. परीक्षक बाईंनी विचारलं, तुमच्या आईनं कधी शिंपडलंय का? सगळे हसले.  एम्नाने मला कधी विचारलंच नव्हतं.
प्रबंध परत. एक वर्ष वाया. तिला मिळणारी विद्यापीठातली जागा दुसऱ्या कुणाला.
दार लावून बसली आहे.

९ नोव्हेंबर.
टॅब उघडला. गोलांखाली आता बारीक अक्षरं आली आहेत. डावीकडच्या टोकाला "निरुपयोगी". उजवीकडच्या टोकाला "उत्तम".
लावणाऱ्यांनी उलटं लावलं म्हणून नौफलला फोन केला. तो म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे, फक्त शब्द आत्ता घातले. मी म्हटलं, ते मला ठाऊक होतंच.
ज्याने हे बनवलं त्याला कुराणाची लिपी कुठून सुरू होते ते माहीत नाही. यात माझा काय दोष?
एकूण उत्तरं एकोणीसशे चाळीस. "माहीत नाही" म्हणणारी किती होती, ते मोजायला घेतलं आणि सोडलं. हिशेब अर्धवट टाकायची ही पहिली वेळ.

१२ नोव्हेंबर. दुपारच्या नमाजानंतर.
एम्ना स्वयंपाकघरात आली. आठवड्याने. माझ्याबरोबर लसूण सोलायला बसली. सोलता सोलता म्हणाली, "सुरुवातीला बरं होतं गं ते यंत्र. माहीत नसलं तर सरळ सांगायचं. असं कशानं झालं असेल, उम्मी?"
मी हात पुसले. म्हटलं, "मला ठाऊक नाही."
 ती हसली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाली, तुझ्या तोंडून हे आज पहिल्यांदा ऐकलं.
मी तिचं डोकं तसंच राहू दिलं.