बसून चालवायचं मशीन

३ फेब्रुवारी १९५७, रविवार

आणलंच शेवटी ह्यांनी ते धूड! चौघांनी बैलगाडीतून उतरवून पडवीत ठेवलं. खडकीच्या लष्करी लिलावातला लाकूड कातायचा लेथ — गंजून लालभडक. शेजारची छबूबाई कुंपणावरून म्हणते, "भंगाराचं दुकान काढताय काय गं?" म्हटलं, "काढतोय. पहिलं गिऱ्हाईक तूच ये!"

हे पिंपरीच्या कारखान्यात फिटर. दिवसभर मशीनं दुरुस्त करून हौस फिटत नाही, आता घरातही तेच. पण कारण ठाऊक आहे म्हणून तोंड मिटून आहे. सासूबाई असताना त्या दोरी ओढायच्या, लाकूड फिरायचं आणि मामंजी समोर बसून लाटणी, पाळण्याचे दांडे कातायचे. त्या गेल्या आणि मामंजींनी हत्याराला हात लावणंच सोडलं. नुसते ओट्यावर बसतात. अर्धी भाकरी खातात. परवा म्हणाले, "माझं आता हितं काय काम हाय?"

ह्यांचं म्हणणं, दोरी आता विजेची मोटार ओढेल, बाबा पुन्हा कामाला लागतील. देव करो आणि तसंच होवो.

१० फेब्रुवारी

घासलेट आणि चिंध्या, घासलेट आणि चिंध्या! नखं काळी झाली. पण गंजाखालून काय करडं गुळगुळीत लोखंड निघालं! झिजलेली बेअरिंगं काढली, नवी पुण्याहून आणायची. भाकरीलाही घासलेटचा वास लागला. मामंजींनी तुकडा हुंगला आणि हसले. हसले!!

१४ फेब्रुवारी

आमटी करपली. नवा पट्टा चढवताना धरायला दुसरं कोण आहे ह्यांना?

१७ फेब्रुवारी, रविवार

मोटार बसली. बटण दाबलं — खडखड नाही, धडधड नाही, नुसतं घूं घूं. ह्यांनी हाक मारली, "बाबा, या बघायला!" मामंजी आले, मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ज्योत्या, ह्याला उभं ऱ्हावं लागतंय. सुतार कंदी उभ्यानं कातकाम करतो व्हय? माझा गुडघा न्हाई टिकायचा." झालं! गेले परत ओट्यावर.

हे भरल्या ताटावरून उठले. बाप ओट्यावर, लेक मशीनपाशी, आणि मी मधे वांग्याची भाजी घेऊन उभी! असा राग आला दोघांचा.

१८ फेब्रुवारी

मशीनचे बिडाचे पाय काही देवानं जन्मतः दिलेले नाहीत. बोल्ट आहेत! ह्यांना म्हटलं, काढून टाका ते पाय. खाली बाभळीचे दोन ओंडके घाला. पाटावर बसलेल्या माणसाच्या हाताशी आलं म्हणजे झालं.

"अगं शालन, लेथ असा जमिनीवर कुणी बसवतं का? शिफ्टमधली माणसं हसतील."

"हसू देत. तुम्हाला त्यांना खूश करायचंय की बाबांना कामाला बसवायचंय?"

उठले आणि पाना शोधायला लागले. म्हणजे पटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार



मशीन खाली आलं. मामंजी मांडी घालून बसले, ह्यांनी बटण दाबलं. मामंजींनी पटाशीची धार पुढे नेली ती भलतीकडेच! लाकूड सुटलं आणि त्यांच्या कानाशेजारून जाऊन भिंतीवर आपटलं. ह्यांनी मोटार बंद केली. मामंजींनी पटाशी खाली ठेवली आणि भिंत चाचपत बाहेर गेले.

मी चहा घेऊन मागोमाग. म्हटलं, "मामंजी, गुडघ्याचं निमित्त पुरे झालं. खरं काय ते सांगा."

त्यांनी कप चाचपत खाली ठेवला. मग म्हणाले, "दिसत न्हाई पोरी. सगळं दुधावानी हाय. तुझ्या सासूला ठावं हुतं. दोरी वढता वढता सांगायची — हितं लाव, आता थांब, आता हळू. लोकांना वाटायचं नवराबायकू गप्पा मारत्यात."

मला रडूच कोसळलं. एका घरात राहून आम्हाला कळू नये? ताट पुढे सरकवताना तरी कळायला हवं होतं!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मोतीबिंदू असेल, पुण्याला नेऊ, काढून टाकतात. मामंजी उसळले. "डोळ्याला सुरी लावू द्यायचा न्हाई! जे बगायचं त्ये बगून झालं." पालथ्या घड्यावर पाणी.

३ मार्च, रविवार

आज मीच बसले! मशीन बंद पडून राहिलं तर पुन्हा गंजेल, म्हटलं मला तरी शिकवा. मामंजी म्हणाले, "बाईमाणसानं हत्याराला हात लावायचा नसतो." म्हटलं, "दोरीला चालतो, हत्याराला नाही? हा कुठला न्याय?" त्यांनी पटाशी माझ्याकडे सरकवली.

पदर खोचला, पटाशी धरली. ते शेजारी बसून नुसता आवाज ऐकत होते. "दाबतीस कशापाई? लाकडाला राग येतोय... आता बराबर. चालू दे." मशीन थांबलं की लाकडावरून बोटं फिरवायचे आणि चुका काढायचे. शिव्यासुद्धा दिल्या दोन! भुशानं केस भरले, कंबर मोडली. पण लाटणं झालं! छबूबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली. बघ म्हणावं, पोटभर बघ.

मामंजींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक मागितलं.

५ मार्च

सकाळी हे कामावर निघाले तर मामंजी दारात वाट अडवून उभे. हातात माझं लाटणं.

"ज्योत्या, त्या डोळ्याच्या डागदराकडं कंदी जायाचं? हिचं लाटणं वाकडं झालंय. बोटाला कळतंय, पर कितपत वाकडं हाय त्ये एकदा बगाया पायजे."